टचस्क्रीनला भूत लागलं की लिनक्सला बडवणाऱ्यांसाठी

खाडीपलीकडचा

काल दुसऱ्या धाग्यावर आंबेबहार यांनी निकाल देऊन टाकला: "टचस्क्रीन आपोआप क्लिक मारतोय म्हणजे लिनक्सला टच जमत नाही. विंडोज टाका, पाच मिनिटांत भूत उतरतं." तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण ते वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

माझं घर दापोलीजवळ. लॅपटॉपवर मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचाच एक प्रकार. एप्रिलअखेरीस, ऐन आंब्याच्या पेट्या भरायच्या दिवसांत, स्क्रीन स्वतःच नाचायला लागला. मेनू उघडतोय, मिटतोय. मी आकडा टाइप करतोय आणि कर्सर उडी मारून भलत्याच रकान्यात. रत्नागिरीच्या गिऱ्हाइकाच्या १२ पेट्या पनवेलच्या नावावर चढल्या. मीही आधी लिनक्सलाच शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू.

मग टर्मिनलमध्ये 'सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' ही स्क्रीन, माऊस, कीबोर्डकडून काय येतंय ते ओळीओळीने दाखवणारी कमांड चालवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. टच डाउन, टच मोशन, टच अप, टच डाउन... ओळी धो धो. म्हणजे 'बोट लागलंय' असं खुद्द स्क्रीनच सांगतोय. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बिचारा ते पुढे पोचवतोय. चार्जर उपटला, ओळी थांबल्या. लावला, सुरू. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

काचेखालची जाळी बोटामुळे होणारा कपॅसिटन्सचा (विद्युतभार साठवायच्या क्षमतेचा) फरक मोजते, आणि तो अगदीच बारीक असतो. चार्जरच्या विजेतल्या गोंगाटाला अर्थिंगमधून जमिनीत जायची वाट मिळाली नाही, की लॅपटॉपची अख्खी बॉडी अधांतरी तरंगते आणि स्क्रीनला त्या गोंगाटातच बोटं दिसायला लागतात. धातूच्या कडेवर मनगट टेकलं की मुंग्या येतात ना, त्याचं मूळही हेच. आता यात विंडोज काय करणार?

आंबेबहार

व्याख्यान झालं? आता माझं ऐका. माझा हाच लॅपटॉप, हाच चार्जर. विंडोज टाकून दोन दिवस वापरला, एकही आगाऊ क्लिक नाही. परत उबंटू हे माझं लिनक्स टाकलं, परत भूत. तुमची बारीक कपॅसिटन्स विंडोज बघून लाजते का? गिऱ्हाईक फोनवर खोळंबलेलं असताना मी मांडीवर हात ठेवून ओळी मोजत बसू?

टर्मिनलतात्या

आंबेबहार, टच नकोच असेल तर एक्सइनपुट या कमांडने डिसेबल करा, एका ओळीचं काम.

अर्धवटराव

तात्या, तुमची माहिती जुनी झाली. ते उबंटू आहे, तिथे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळायला जुन्या एक्सऐवजी वेलँड असतं. एक्सइनपुटला तिथे खरा टचस्क्रीन दिसतच नाही, डिसेबल काय कप्पाळ करणार? यूडेव्हचा (जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या भागाचा) नियम लिहून 'लिबइनपुट इग्नोर डिव्हाइस'ला १ द्यावा लागतो, नाहीतर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, सोय असेल तर तिथूनच बंद. चालत होतं ते सगळं उचकटून नवं बसवायची ही जी खोड आहे ना, त्यापायी मी चार वर्षांत तीनदा सगळं नव्याने शिकलोय.

आणि खाडीपलीकडचे, लिनक्स अगदी सोवळ्यातलं असल्यासारखं लिहू नका. माझा लॅपटॉप झोपेतून उठला की टच ठार. दर वेळी आयटूसी-एचआयडी-एसीपीआय हे टच चालवणारं कर्नलचं मॉड्यूल काढून परत घालायचं, मग जिवंत. तिथे अर्थिंगचा काय संबंध?

खाडीपलीकडचा

काही नाही. ते लिनक्सचंच पाप, मान्य. पण तुमचा टच मेलाय आणि आमचा अंगात आल्यासारखा घुमतोय. दोन्हीला एकच काढा कशाला?

तिठ्यावयलो

अर्थिंग खयचा घेवन बसलात? आमच्या घरात पिनीच्या तिसऱ्या बुराकात मुंगये रवतत.

जांभाचिरा

तिठ्यावयलो हसवताहेत, पण निम्म्या कोकणाची हीच गत आहे. अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून एकदा भरला, की घरमालक त्याला विसरतो. जांभ्यात पाणी ठरत नाही. पावसाळ्यात सगळं झकास, मे महिन्यात खड्डा ठणठणीत कोरडा. माझ्याकडे वायरमनने टेस्ट लॅम्प लावून दाखवला. फेज-न्यूट्रलला बल्ब लख्ख, फेज-अर्थला विझत्या निखाऱ्यासारखा लाल. खड्ड्यात चार कळशा पाणी ओतलं, अर्ध्या तासाने तोच बल्ब चांगला पेटला.

माडाखाली

धन्य! इथे विहिरीने तळ गाठलाय, टँकरची वाट बघतोय, आणि तुम्ही लॅपटॉपला कळशीने पाणी पाजा.

जांभाचिरा

आंघोळीचं सांडपाणी सोडा की खड्ड्याकडे. त्यालाही अक्कल लागते, ते वेगळं.

चाळीतला

एवढा उपद्व्याप कशाला? गुहागरच्या घरी आमच्या वायरमनने सॉकेटमध्येच न्यूट्रलची वायर तिसऱ्या पिनला जोडून दिली. मुंग्या बंद, टच बंद म्हणजे भुताचा टच बंद. ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडायला लागला म्हणून तोही काढून टाकला. दहा मिनिटांचं काम.

जांभाचिरा

चाळीतला, तुम्ही हे गमतीत लिहिलंय असं म्हणा. प्लीज. बाहेरचं न्यूट्रल तुटलं तर तुमच्या फ्रिजच्या, पंपाच्या, गिझरच्या धातूवर थेट फेज येईल. आणि जीव वाचवायला जे यंत्र होतं ते पडत होतं म्हणून काढलं? तो बोंबलून सांगत होता हो!

चाळीतला

तीन वर्षं झाली, कोणी मेलं नाही. तुमच्यासारखे बारा महिने तिथे राहणारे घाबरवतातच. आम्ही गणपतीला आणि शिमग्याला येतो, तेवढ्यापुरतं चालतं.

माडाखाली

चाकरमान्यांचं हे नेहमीचंच. वर्षात पंधरा दिवस यायचं, काहीतरी जुगाड करून ठेवायचं आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्यायची. पंप चालू करायला जातो कोण? आम्ही! माझ्या काकांना अशाच एका बंद घराच्या पंपाने फेकलं होतं. हात वाचला, पण दोन बोटं अजून बधिर आहेत. तुमचं 'कोणी मेलं नाही' तुमच्याकडेच ठेवा.

चाळीतला

घरपट्टी आम्हीही भरतो. आवाज खाली.

टर्मिनलतात्या

अहो, टचस्क्रीन! धागा टचस्क्रीनचा आहे!

माडाखाली

तात्या, तुमचा टचस्क्रीन गेला खड्ड्यात. कोरड्या.

खाडीपलीकडचा

चाळीतला, आजच वायरमनला फोन करून ती जोडणी सोडवा आणि ईएलसीबी परत बसवा. त्यावर मला वाद घालायचा नाही.

आंबेबहार, तुम्हाला एकच विचारतो. ते विंडोजचे दोन दिवस तुम्ही लॅपटॉप नेमका कुठे वापरला?

आंबेबहार

पुण्याला. मुलीकडे. जावयानेच विंडोज टाकून दिलं.

अर्धवटराव

😂

जांभाचिरा

मुलीचा फ्लॅट नवा असेल, अर्थिंग धड असेल. आणि उबंटू परत कुठे टाकलंत? देवगडला येऊन!

आंबेबहार

हो, देवगडला. हसून घ्या. पण माझा मुद्दा तुम्ही कोणी ऐकलाच नाही. मला लॅपटॉप वापरायचाय, त्याची कुंडली मांडायची नाही. आधी अर्थिंग, मग कर्नल, मग वेलँड. माणसाने पेट्या कधी भरायच्या? शिवाय माझ्या स्क्रीनच्या डाव्या कडेला बोटभर पट्टा बॅटरीवर असतानाही आपोआप दबतो. काल मुद्दाम चार्जर काढून पाहिलं. हे तुमच्या सिद्धांतात कुठे बसतं?

खाडीपलीकडचा

बसत नाही. तुमचं घर किनाऱ्यावर असेल तर खारी हवा कडेने आत शिरली असेल, नाहीतर काच सुटत आली असेल. स्क्रीन बदलणाऱ्याला दाखवा. तेवढ्यापुरते तुम्ही बरोबर आणि मी अर्धा चूक. पण विंडोज टाकून तो पट्टाही जाणार नाही.

आंबेबहार

अर्धा तरी कबूल केलात, देवगडात पेढे वाटतो.

आत्ता लाइट गेलीये. डावी कड सोडली तर टच लोण्यासारखा चाललाय. कृपया कोणी हा पुरावा म्हणून डकवू नये.

तिठ्यावयलो

डकवलंय.