आईशी वाद घालायचा तरी कसा?

प्रश्न : बाळ तीन महिन्यांचं आहे. डॉक्टर म्हणतात उताणंच झोपवा, आई म्हणते पालथं. काल उताणं झोपवून पाणी प्यायला गेले, परत येते तर पालथं! आणि आई शेजारी निवांत चष्मा पुसत बसलेली. काही बोलले की "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी." यापुढे काय बोलणार?

उत्तर १ : हा निव्वळ हट्ट नाही हो. पूर्वी अनेक देशांत डॉक्टरच पालथं झोपवायला सांगत. उताण्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकेल, ही भीती. पुढे सल्ला फिरला. अमेरिकेत १९९४ साली उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. आई चूक नव्हती, तिची माहिती जुनी झाली. पण बाळ उताणंच, तिथे तडजोड नको.

उत्तर २ : मी स्वतः आजी आहे. सुनेनं मोबाइल नाकाशी धरला की माझंही डोकं फिरतं. डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा.

उत्तर ३ : वयाबरोबर शहाणपण वाढतंच असं नाही. बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस आणि सहकाऱ्यांनी ते मोजायचा प्रयत्न केला. साधारण पंचविशी ते पंचाहत्तरी, वयानुसार फारसा फरक दिसला नाही. (तरुणांनी लगेच हुरळू नये, हे त्यांनाही लागू!)

प्रश्नकर्ती : पुढच्या लसीला आईलाच सोबत नेते. प्रश्नही तीच विचारेल.