प्रतिसाद: दोष स्टेबलफोर्डचा नाही

गोल्फच्या या चर्चेत वर म्हटलंय की २४ हँडिकॅपवाला (फेरीत २४ फटक्यांची सूट मिळणारा कच्चा खेळाडू) दर वेळी ट्रॉफी नेतो, म्हणून स्टेबलफोर्ड (प्रत्येक होलला फटक्यांनुसार गुण देणारा प्रकार) बंद करा. मला नाही पटत. पूर्ण हँडिकॅप देता की ९५ टक्के, ते आधी सांगा.

२०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत हँडिकॅप शेवटच्या २० पैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांवरून निघतो, म्हणजे तो तुमच्या चांगल्या दिवसाचा आकडा. पण २४ वाल्याचा खेळ ८ हँडिकॅपच्या मुरलेल्या खेळाडूपेक्षा जास्त वर-खाली होतो. तीस जण उतरले की त्यातल्या एखाद्या २४ वाल्याचा दिवस लागतोच. वैयक्तिक स्टेबलफोर्डला ९५ टक्के सुचवलेत ते त्यासाठीच. २४ चे २३ होतात, ८ चे मात्र ८ च राहतात. फोरबॉल स्टेबलफोर्डला (दोघांची जोडी, प्रत्येक होलला दोघांतला चांगला स्कोअर धरायचा) ८५ टक्के, म्हणजे २० आणि ७. तिथं एकाचा होल बिघडला तरी जोडीदार सावरतो. आमच्या संभाजीनगरच्या गटात जोडीच्या सामन्यालाही पूर्ण हँडिकॅप द्यायचे, वर्षभर भांडणं!

स्टेबलफोर्डमध्ये एका होलवर दहा फटके गेले तरी शून्य गुण, विषय संपला. स्ट्रोकप्लेत, म्हणजे फेरीतले सगळे फटके मोजतात त्या प्रकारात, तेच दहा शेवटपर्यंत मानगुटीवर. नवशिक्याला लिंबूटिंबू न ठरवता खेळवायचं तर हेच बरं.

आणि खरी गोम वेगळीच. हँडिकॅप फुगवायला फक्त वाईट फेऱ्यांची स्कोअरकार्डंच जमा करणारे महाभाग आमच्याकडेही आहेत (उन्हाळ्यात जमीन टणक, चेंडू लांब पळतो, स्कोअर चांगला होतो, तेव्हाची कार्डं बरोबर गहाळ होतात). तिथं कुठलाच फॉरमॅट पुरत नाही.