‘लास्ट पोस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

शाहूपुरीकर
१६ डिसेंबरच्या विजय दिवसाचं निवेदन यंदा माझ्या गळ्यात पडलंय. साताऱ्याजवळचंच गाव. आधी बँड वाजत येणार, मग स्मारकाला पुष्पचक्र, बिगूल, दोन मिनिटं स्तब्धता. कार्यक्रमपत्रिकेचं मराठी एका हौशी मित्रानं केलं, त्यात बिगुलावरच्या ‘लास्ट पोस्ट’ या धुनेचं ‘अखेरचे टपाल’ झालंय! हसून झालं, पण मग म्हणायचं काय? आणि बँडचं ते संचलन की कवायत?

माजी सुभेदार
टपाल नव्हे हो, पोस्ट म्हणजे पहाऱ्याची जागा. ब्रिटिश छावणीत रात्री पहारे तपासत फिरायचे. तपासणी सुरू झाली की एकदा बिगूल, शेवटचा पहारा बघून झाला की पुन्हा. म्हणजे पहारेकरी जागेवर आहेत, बाकीच्यांनी निजा. तीच धून पुढं जवानाच्या अंत्यविधीला आली. पलटणीत आम्ही ‘लास्ट पोस्ट’च म्हणायचो. त्या वेळी हुकूम असतो ‘शोक शस्त्र’. बंदूक उलटी, नळी जमिनीकडं, मान खाली. स्तब्धतेनंतर ‘राउज’ वाजतं, ती झोपेतून उठवायची धून.

माहुलीचा
मग ‘अखेरची चौकी’?

शाहूपुरीकर
गावात पोलीस चौकी बंद झाली असं वाटेल.

माहुलीचा
बरं, ‘निरोपाची तुतारी’?

कोरेगावकर
तुतारी म्हटलं की हल्ली लोकांना निवडणूक आठवते, राहू द्या. ‘रणशिंग’ही नको. ते लढाई सुरू होताना फुंकतात, इथं दिवस संपलाय. ‘बिगूल’ छान रुळलाय की. तो इंग्रजीतून आला खरा, पण त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘बुकुलस’ आहे, म्हणजे गोऱ्हा. पूर्वी बैलाचं शिंगच फुंकायचे. आपल्या शिंगाचंही तेच झालं. वाद्य धातूचं झालं, नाव जनावराकडंच राहिलं.

कवायतीचं म्हणाल तर ‘कवाइद’ हे अरबी ‘कायदा’चं अनेकवचन. नियमानं हालचाल करायची, ती कवायत. शिंद्यांची कवायती फौज त्यातलीच. महिनाभर मैदानावर घाम गाळतात ती कवायत, आणि त्या दिवशी पाहुण्यांसमोरून जातात ते संचलन. तुम्हाला ‘संचलन’च हवंय.

माहुलीचा
आणि बँडला ‘सैनिकी वाद्यवृंद’?

कोरेगावकर
वाद्यवृंद खुर्च्यांवर बसतो हो! शिवाय आपल्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, आणि ‘मिलिटरी’ गावाच्या नावालाच चिकटलं. तिथं वाद्यवृंद म्हणून बघा, कुणी मान वर करून बघणार नाही. आमची आजी तर सरळ ‘पलटणीचा बाजा’ म्हणायची.

शाहूपुरीकर
ठरलं तर. ‘मिलिटरी बँडचं संचलन’. आणि पुढं, ‘आता बिगुलावर लास्ट पोस्ट वाजेल. छावणीतला शेवटचा पहारा तपासून झाला, ही त्याची खूण.’ चालेल ना, काका?

माजी सुभेदार
चालेल. फक्त धून संपल्यावर टाळ्या वाजवू नका, हे आधीच सांगा. गेल्या साली एका ठिकाणी मागून कडकडाट झाला, बिगूलवाल्या पोराला कळेना कुठं बघावं.