लग्नाचा ताण: प्लॅनर नेमायचा की याद्या करायच्या?

नळस्टॉप
काल इथे एका मुलीने लिहिलं होतं: ताण नको असेल तर सहा महिने आधी वेडिंग प्लॅनर नेमा, मेंदी, संगीत, हळद, लग्न, रिसेप्शन प्रत्येकाला वेगळी थीम ठरवा, आणि मानपान सांभाळायला एक माणूस वेगळा ठेवा. वाचलं आणि रात्रभर झोप नाही. माझ्या लेकीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलंय आणि अशाच सल्ल्यांनी आमचं घर पोळलंय.

पाच समारंभ ठरवायचे, पेलत नाहीत म्हणून माणूस नेमायचा, मग त्या माणसाच्या फोनला दिवसभर उत्तरं द्यायची. यात सोपं काय झालं? माझं लग्न १९९४ चं, पुण्यात नारायण पेठेतल्या कार्यालयात. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, सकाळी मुहूर्त, मग पंगती, संध्याकाळी मी सासरी. अडीचशे माणसं. बाबा आणि सासरे आधी एकदाच याद्या करायला बसले होते. माणसं किती, खर्च कोणाचा कुठला, कोणाला काय द्यायचं, सगळं लिहून खाली दोघांच्या सह्या. त्यानंतर कोणी काही मागितलं नाही.

आता ती बैठकच होत नाही. दोन्हीकडून "तुम्ही म्हणाल तसं" आणि मग दर आठवड्याला फोनवर एकेक गोष्ट बाहेर येते. परवा कळलं, तिकडच्या बावीस बायकांना साड्या. लक्ष्मी रोडवर तीन दिवस गेले. त्यातल्या चौदाजणींना मी अजून पाहिलेलंही नाही.

काम कितीही असो, उरकतं. जीव जातो तो समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखण्यात. दोन्ही घरांनी एकदा बसावं, लग्न आणि एक जेवण ठेवावं, बाकी सगळ्यावर काट मारावी.

बाणेरची_नवरी
काकू, ती मुलगी मीच. माझे बाबा २०२१ मध्ये गेले. याद्या करायला बसायचं कोणी? आईला मधुमेह, मामा नाशिकला, मी सकाळी नऊ ते रात्री आठ ऑफिसात. १९९४ मध्ये तुम्हाला प्लॅनर लागला नाही, कारण आत्या, काकू, शेजारणी मिळून वीस माणसं राबत होती. कोठीची, म्हणजे शिधा-सामानाच्या खोलीची, किल्ली कमरेला लावून कोण बसलं होतं? तिने अक्षता टाकल्या का, की मंगलाष्टकं आतूनच ऐकली?

मी पैसे दिले आणि ती कोठी परक्या माणसाकडे सोपवली. केटररने ताटांचा आकडा फुगवून सांगितला तेव्हा आईऐवजी तो भांडला. अंतरपाट धरला तेव्हा आई माझ्यासमोर खुर्चीत बसली होती. मला तेवढंच हवं होतं.

डीपी_रोड_रहिवासी
तुम्ही दोघी आतलं बोलताय, मी बाहेरचं सांगतो. म्हात्रे पूल ते राजाराम पूल हा रस्ता लग्नसराईत आमचा राहत नाही. ओळीने लॉन्स, प्रत्येकाची वरात, प्रत्येकाचा डीजे. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद हा नियम २००० सालचा आहे, पण दहा वाजता फोन केला की पोलीस येईपर्यंत अकरा होतात. आईच्या छातीत दुखायला लागलं त्या रात्री आमची रिक्षा चाळीस मिनिटं एका वरातीमागे उभी होती. ती वाचली. त्या चाळीस मिनिटांत माझं काय झालं असेल, विचार करा. आधी वरात बंद करा.

नळस्टॉप
दादा, वाचून हात थरथरले. पण हा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा.

डीपी_रोड_रहिवासी
वेगळा कसा? तुमचा ताण तेवढा ताण आणि माझा नाही?

लोणी_काळभोर
ताई, तुमच्या अडीचशेत माझी भावकीसुद्धा मावत नाही. गेल्या वर्षी बहिणीचं लग्न झालं, दीड हजार पान उठलं. बोलावलं नाही तर माणूस दहाव्यालाही येत नाही. शहरात बसून "काट मारा" म्हणणं सोपं आहे.

आणि साड्यांना, टॉवेल-टोपीला एवढी नावं ठेवू नका. आमच्याकडे आहेराची वही असते. माझ्या वडिलांच्या लग्नातली वही अजून घरात आहे. कोणी सव्वा रुपया, कोणी ज्वारीचं पोतं, कोणी भांडं. आजोबांनी त्यावरच लग्न उभं केलं आणि पुढची वीस वर्षं प्रत्येकाच्या घरच्या कार्यात ते फेडलं. व्याज नाही, सावकार नाही.

आमचा ताण वेगळाच. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा आणि लग्न लागलं पावणेदोनला, कारण आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याचा सत्कार आणि प्रत्येकाचं शुभाशीर्वादाचं भाषण. तोवर बहीण उन्हात शालू नेसून उभी. ते बंद करा, मी पहिला सही करतो.

कसबा_पेठ
आहेराची वही चांगली असेल, पण विहिणीच्या साडीने आमचं घर फोडलं. थोरल्या वहिनीच्या आईला दिलेली साडी "कामवालीला देतात तसली" म्हणून परत आली. दादाचं सासर एकोणीस वर्षं आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. वडील गेले तेव्हा आले, पण खालीच थांबले. दहावीस साड्या कपाटात पडतात, पुढच्या लग्नात तशाच फिरतात, आणि फिरवलेली ओळखू आली की पुन्हा अबोला.

लोणी_काळभोर
दोष साडीचा नाही, बोलणाऱ्या तोंडाचा आहे. साडी नसती तर त्या बाईंनी मठ्ठ्यात मीठ जास्त पडलं म्हणून फोडलं असतं.

कसबा_पेठ
तुम्ही माझ्या आईला एकोणीस वर्षं झुरताना पाहिलेलं नाही. तोंड सांभाळून लिहा.

लोणी_काळभोर
आईंबद्दल शब्द काढलेला नाही. तरी लागलं असेल तर मागे घेतो. वही मागे घेणार नाही.

रास्ता_पेठ
देण्याघेण्याशिवाय लग्न लागतं हे याच पुण्याने दाखवलंय. सत्यशोधक समाज १८७३ च्या सप्टेंबरात स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला इथे पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, हुंडा नाही. आम्ही नोंदणी केली, विशेष विवाह कायदा १९५४. नोटीस, तीस दिवस, तीन साक्षीदार, सह्या. घरी पिठलं-भाकरी. ताण शून्य.

बाणेरची_नवरी
ताण शून्य, कारण तुमच्या घरच्यांची हरकत नव्हती. माझ्या मैत्रिणीने घरच्यांना न सांगता आंतरजातीय लग्न ठरवलं. नोटीस कार्यालयात लागली आणि दहाव्या दिवशी कोणीतरी तिचा फोटो काढून काकांना पाठवला. उरलेले वीस दिवस ती माझ्याकडे लपून राहिली. त्या नोटिशीला सोपी म्हणू नका.

रास्ता_पेठ
ही बाजू माझ्या डोक्यात आली नव्हती. मान्य. पण तिचं लग्न शेवटी त्याच कायद्याने लागलं ना?

बाणेरची_नवरी
लागलं. तिसरी साक्षीदार मी.

कसबा_पेठ
आणि गुरुजी बोलावून लग्न केलं तरी क्षेत्रीय कार्यालयातली नोंदणी आहेच. पत्रिका, तीन साक्षीदार, गुरुजींची सही. भाच्याचा व्हिसा अडला तेव्हा आठवलं, तोवर गुरुजी चार महिने मुलाकडे बंगळूरला. फॉर्म लग्नाच्या दिवशीच मंगल कार्यालयात न्या, विधी संपले की तिथेच सही घ्या.

नळस्टॉप
हे लिहून ठेवलं.

बाणेरच्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलं होतं. माझ्या लग्नात कोठीत माझी मावशी होती. आज तिला फोन केला. तिने अक्षता टाकल्या नव्हत्या, लाडूंच्या डब्यांवर बसून होती, आणि हे मी तीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तुझ्या आईचं खुर्चीत बसणं तू पैसे देऊन मिळवलंस, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पाच थीम मात्र मला अजूनही पटत नाहीत.

लोणीचे दादा, वही ठेवा. पण त्या वहीत देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत होते. माझ्या चौदाजणींचं तसं नाही.

रविवारी विहीणबाईंना घरी बोलावलंय. मुलं दोघंही समोर बसतील. लग्नाआधीचा ग्रहमखाचा विधी ठेवणार, ज्ञानप्रबोधिनीच्या पुरोहित बाई येणार, त्या मंत्रांचा अर्थ मराठीत सांगतात. संगीत हवं असेल तर तिकडच्यांनी करावं. वरात नाही, डीपी रोडच्या दादांसाठी एवढं करू शकते. कोठीसाठी बाहेरचा माणूस शोधतेय, कोणाच्या माहितीत असेल तर सांगा. आणि साड्या घेतल्या त्या आठ देणार, पुढची एकही नाही. हे मी त्यांच्यासमोर बोलणार आहे.

डीपी_रोड_रहिवासी
कार्यालय कुठलं?

नळस्टॉप
तुमच्याच रस्त्यावरचं. सकाळचा मुहूर्त आहे.