आईला मांडव्याहून बोटीने गेटवेला न्यायचंय. दिवस कुठला धरू?

थळची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न बोटीचाच आहे, पण आईबद्दल थोडं सांगितल्याशिवाय तो नीट कळणार नाही.

आई ७३ वर्षांची आहे. माहेर थळचं, सासर किहीमचं. बाबा मुंबईत गिरणीत होते, त्यामुळे लग्नानंतर वर्षातून चार-पाच वेळा ती रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जायची. पायाशी तांदळाची गोणी, मांडीवर दादा, पिशवीत सुकट. लाँच बंदरात शिरली की डाव्या हाताला लांबवर गेटवे दिसायचा, "काडेपेटीएवढा" असं ती सांगते. तिथे ती कधीच उतरली नाही. तिच्या डोक्यात पक्कं होतं की तिथे साहेबलोक उतरतात, आपण धक्क्याला.

बाबा गेल्या वर्षी गेले. या भाऊबीजेला मामा म्हणाले, आक्का, तुला काय हवंय ते सांग. तर म्हणाली, एकदा गेटवेच्या पायरीवर पाय ठेवायचाय, आणि गाडीने नाही, पाण्यातून.

अडचणी दोन. उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली आहे. जिना चढते, पण कठडा धरून, एकेक पायरी. दुसरं म्हणजे भीती. तिची आई 'रामदास' बोटीची गोष्ट सांगायची, ती अजून मनातून जात नाही. जायचंय म्हणते आणि लगेच "दर्या कसा असेल गं?" विचारते.

कार्तिक संपायच्या आत जायचा विचार आहे. गेटवेला उतरताना पायऱ्या किती लागतात? सकाळ बरी की दुपार? वरच्या डेकवर न्यावं की खाली? मी पुण्यात असते, त्यामुळे मला यातलं काहीच ठाऊक नाही.

पनवेलकर

रो-रोने न्या, सरळ उपाय. गाडी थेट बोटीच्या पोटात जाते, पायऱ्यांचा प्रश्नच येत नाही. २०२० पासून मांडवा ते भाऊचा धक्का चालू आहे. बोट मोठी, त्यामुळे हलतेही कमी. माझ्या सासऱ्यांना पक्षाघातानंतर तीनदा नेलंय.

थळची_लेक

धन्यवाद. पण रो-रो भाऊच्या धक्क्याला लागते ना? तिथे ती शंभरदा उतरली आहे. तिला गेटवेलाच उतरायचंय.

जुना_सारंग

ताई, माझी सगळी नोकरी मुंबई बंदरातल्या लाँचवर गेली. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. आईंची इच्छा वाचली आणि म्हटलं, याला नीट बसून उत्तर लिहायचं.

गेटवेला पायऱ्या किती, हे पंचांगावर अवलंबून आहे. भरती असली तर बोट उंच लागते आणि चार-सहा पायऱ्यांत माणूस वर. ओहोटीला तीच बोट खाली जाते, आणि ज्या पायऱ्या एरवी पाण्याखाली असतात त्या उघड्या पडतात. त्या ओल्या असतात, शेवाळ धरलेल्या असतात. धडधाकट माणूस तिथे घसरलेला मी पाहिलाय. म्हणून वेळ आधी ठरवा, तिकीट नंतर.

आमच्याकडे हिशेब सोपा असतो. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. दशमी असेल तर दहा त्रिक तीस, भागिले चार, म्हणजे साडेसात. पूर्ण भरती सकाळी साडेसातला आणि पुन्हा रात्री त्याच सुमाराला. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, दीड-दोनच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, नेमकी वेळ हवी तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. पण दिवस निवडायला हा हिशेब पुरतो.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा मुंबईत भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार-पाच मीटरचा फरक पडतो. अष्टमीनंतर नवमी-दशमीला भांगाचं पाणी, फरक निम्म्याहूनही कमी. पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही, ओढही कमी. गुडघ्याच्या माणसाला भांगाचेच दिवस. मी तुमच्या जागी असतो तर कार्तिक वद्य दशमी धरली असती. मांडव्याहून आठ-साडेआठच्या सुमाराची बोट, तासाभरात गेटवे. भरती नुकतीच वळलेली, बोट अजून उंच.

सकाळ आणखी दोन कारणांसाठी. या दिवसांत पहाटेपासून मतलई वारा असतो, जमिनीवरून पाण्याकडे वाहणारा, हलका. दर्या अगदी पसरट पडलेला असतो. दुपारी खारा वारा सुटला की पाण्यावर लाटा उठायला लागतात आणि बोट थडथडते. आणि गेटवेचं तोंड पूर्वेला आहे. सकाळचं ऊन समोरून पडतं, त्या पिवळसर दगडाला रंग चढतो. संध्याकाळी याल तर नुसती काळी आकृती दिसेल. आईंनी इतकी वर्षं लांबून पाहिलंय, आता जवळून बघायचं तर उजेडात बघू द्या.

वरच्या डेकवर नेऊ नका. जिना उभा असतो आणि हात धरायला जागा कमी. खाली, मध्यावर, डावीकडची खिडकी घ्या. पिछाडीला डिझेलचा वास येतो, मळमळ तिथूनच सुरू होते. आलेपाक जवळ ठेवा, आणि पोट रिकामं नको.

डावीकडची खिडकी का, ते सांगतो. मांडवा सोडल्यावर बराच वेळ नुसतं पाणी. मग डाव्या बाजूला कुलाब्याचं टोक येतं, तिथे पाण्यात उभा असलेला प्रॉंग्सचा दीपस्तंभ, १८७५ सालचा. त्याच वर्षी ससून डॉक सुरू झाला. मग इमारतींची रांग, आणि त्या रांगेत ताजचा लाल घुमट आधी ओळखू येतो. गेटवे नंतर. तो ताजच्या पायाशी असल्यामुळे सुरुवातीला छोटासाच वाटतो आणि बोट वळून समोर आली की एकदम उंच होतो. ती दोन-तीन मिनिटं आईंशी बोलू नका, बघू द्या. उजवीकडे घारापुरीचे डोंगर आणि तेलाची जहाजं असतात, ती त्यांनी लाँचमधून पुष्कळ पाहिली असतील.

एक मात्र आहे. कार्तिकात मुंबईवर सकाळी धुरकं असतं. दीपस्तंभ दिसला नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

साहेबलोकांचं म्हणाल तर आईंना हेही सांगा. १९११ साली राजा-राणी पालवा बंदरावर उतरले, त्याची आठवण म्हणून हे बांधायचं ठरलं. पायाभरणी १९१३ ची, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून निघून बोटीत बसली. साहेब इथे उतरला हे खरं, पण गेलाही इथूनच. त्याला आता पाऊणशेच्या वर वर्षं झाली. आमचा छत्रपतींचा घोड्यावरचा पुतळा १९६१ पासून समोर उभा आहे. आईंनी मोकळ्या मनाने पायरीवर पाय ठेवावा.

रामदासचं. ताई, ती भीती खोटी नाही, तिला हसू नका. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली बोट, काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आपल्या पट्ट्यात असं गाव नसेल जिथे त्या बोटीतलं कुणी नव्हतं. पण तो आषाढ होता, अमावास्या उद्यावर आलेली, वर पाऊस आणि वारा. आताही पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद ठेवतात. कार्तिकातला दर्या वेगळा. तरीही लाइफ जॅकेट घालायचंच, आणि बक्कल लावून. पुष्कळ लोक ते मांडीवर ठेवून बसतात. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या बोटीला अपघात झाला तो भर दिवसा, शांत पाण्यात. बक्कल लावायला अर्धं मिनिट लागतं.

परतीला मात्र पनवेलकरांचं ऐका. दुपारी गेटवेला ओहोटी असेल, पायऱ्या उघड्या. टॅक्सीने भाऊच्या धक्क्याला जा आणि रो-रोने परत या. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे भाऊ रसूल, यांच्या नावाचा तो धक्का. आईंचा जुना रस्ताही होईल.

कुरव

एक विनंती. या दिवसांत बोटीमागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागतो, ते कुरव. थंडीसाठी लांबून आलेले असतात, त्यातले तपकिरी डोक्याचे तर मध्य आशियातल्या उंच सरोवरांकडचे. लोक त्यांना शेव, गाठ्या, कुरकुरे टाकतात. कृपा करून टाकू नका. मीठ-तेलाचं ते त्यांचं अन्न नाही, बंदरात त्यांना मासे भरपूर आहेत. आईंना नुसतं बघायला सांगा, खिडकीच्या अगदी उंचीवर येऊन उडतात.

थळची_लेक

सारंगकाका, तुमचं उत्तर मी आईला फोनवर अख्खं वाचून दाखवलं. तिथीच्या हिशेबापाशी तिने थांबवलं. म्हणाली, "हे मला ठाऊक आहे, खुबे काढायला आम्ही तसंच जायचो." पन्नास वर्षांत मी तिला कधी विचारलंच नव्हतं. दशमी तिनेच पक्की केली.

थळची_लेक *(तेरा दिवसांनी)*

जाऊन आलो. लिहिते असं म्हटलं होतं.

मांडव्याला पावणेआठला पोचलो. पाणी खरंच पसरट होतं, नुसती बारीक चुणी. आईने जॅकेट घालून बक्कल लावलं आणि शेजारच्या दोन कॉलेजच्या मुलांनाही लावायला लावलं. पहिली दहा मिनिटं तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं. मग कुरव आले आणि हात सुटला. एक पक्षी खिडकीशेजारून बराच वेळ आमच्याच वेगाने चालला होता, मान वळवून आत बघत.

धुरकं होतं. दीपस्तंभ दिसला नाही, कुलाबा नुसता करडा. ताजचा घुमट आईला आधी दिसला, मला नंतर. गेटवे समोर आला तेव्हा मी काका सांगतात तशी गप्प बसले. तीही गप्प होती. ओठ हलत होते, काय म्हणत होती ते विचारलं नाही.

पायऱ्या पाच. मोजल्या. बोटीवरच्या खलाशी मुलाने "आज्जी, घाई नको, सगळे उतरू दे" म्हणत तिला शेवटी घेतलं, एक हात त्याचा, एक माझा. दुसऱ्या पायरीवर ती थांबली. मला वाटलं गुडघा दुखला. तर वाकून पाण्याला हात लावला आणि तो डोळ्यांना. मग बाबांचं नाव घेऊन म्हणाली, "उतरले हो."

वर आल्यावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी बसलो, डब्यातली घावनं खाल्ली. तिला खरेदी नको होती, म्युझियम नको होतं. दीड तास ती फक्त बोटी लागताना आणि सुटताना बघत होती. कुठली बोट नीट लागली, कुठल्या तांडेलाने घाई केली, हे सगळं मला सांगत होती.

परत टॅक्सीने भाऊच्या धक्क्याला. मासळीचा वास आला तशी खिडकीची काच खाली केली तिने. रो-रोच्या डेकवरून गेटवे उजव्या हाताला आला, लांब, पुन्हा काडेपेटीएवढा. तिने दादाला व्हिडिओ कॉल लावून तो दाखवला. त्याला धुरक्यात काही दिसलं नाही, तरी ती बोट दाखवतच राहिली.

गाडी मांडव्याला ठेवायला जागा मिळाली, पण सुट्टीच्या दिवशी लवकर जा. आणि काका, माघातली दशमीही सकाळच्याच भरतीची ना? मावशी विचारते आहे.

जुना_सारंग

शुद्ध असो वा वद्य, दशमीला साडेसातच. मावशींना माघात शाल न्यायला सांगा, पाण्यावर बोचरं असतं.