मुंबई-नागपूर विमानाने: घरापासून घरापर्यंत खरे किती तास लागले? तुमचे अनुभव लिहा

आई वर्ध्याला एकटी असते, मी डोंबिवलीत. मुंबई-नागपूर हवाई अंतर साधारण 680 किमी, तिकिटावर दीड तास. पण मागच्या फेरीत पहाटे साडेचारला घर सोडलं, विमानतळावर दोन तास आधी पोचले, नागपूरला बॅगेसाठी अर्धा तास आणि पुढे टॅक्सी, आईच्या दारात पावणेबारा. सव्वासात तास! तुमचेही आकडे हवेत, गावासकट.

---

अंधेरी ते धरमपेठ चार तास दहा मिनिटं. हातातली बॅग फक्त. ताई, चेक-इन टाळून बघा, पट्ट्यापाशी थांबायचं कामच नाही.

---

माझा परतीचा. जुलैत विमान नागपूरहून वेळेवर निघालं, मुंबई आली म्हणेपर्यंत वर चाळीस मिनिटं घिरट्या, शेजारच्या आजी दर फेरीला विचारायच्या, "आलं का रे बाळा?" मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात म्हणून एका वेळी एकच वापरता येते, पाऊस वाढला की वर रांग लागते. हे मला नंतर कळलं, तेव्हा माहीत असतं तर आजींना नीट सांगता आलं असतं.

---

आम्ही यवतमाळचे, विमानाचं गणित आमचं जमतच नाही भाऊ. जून 2025 ला समृद्धी पूर्ण झाला तेव्हापासून गाडीनेच येऊन राहिलो, धामणगावला चढायचं, ठाण्यापर्यंत दहा तास धरून चाला. कारला 120 ची मर्यादा आहे पण सरळ रस्त्यावर डोळा लागते, म्हणून दर दोन तासांनी उतरतो म्हणजे उतरतोच. चौघांचं विमानतिकीट डिसेंबरात अधिवेशनाच्या टायमाला बघा एकदा.

---

माझे आजोबा नागपूरला पोस्टात होते. 1949 ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास चारीकडची विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची, थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत, हे सांगताना आजोबांचा आवाज बदलायचा.

---

माझा आकडा साडेअकरा तास. रात्री अकराला फोन आला, बाबांना आयसीयूत नेलंय. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळीच गेलेली, पहाटेच्या विमानाचं तिकीट मिळेल त्या भावाला काढलं आणि ते दोन तास लेट, काउंटरवर कुणी धड सांगेना, मी नुसता काचेतून बाहेर बघत बसलो. साडेदहाला पोचलो तेव्हा बाबा शुद्धीवर होते, "जेवला का?" विचारलं. दुपारी गेले. ताई, तुमची आई एकटी आहे म्हणून लिहितोय, पहाटेच्या पहिल्या विमानाची वेळ आणि नागपूरहून वर्ध्याला अपरात्रीही येईल अशा टॅक्सीवाल्याचा नंबर आजच कागदावर लिहून फ्रिजला लावून ठेवा.