मदत हवी आहे: प्रोटीनकडून बायोसेन्सरकडे कसं वळावं?

नमस्कार मंडळी. बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करून दोन वर्षं पुण्यातच एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट आहे. ई. कोलाय या जिवाणूमध्ये एन्झाइम तयार करायचं, निकेल कॉलमवर (एन्झाइमला जोडलेलं हिस-टॅग नावाचं छोटं शेपूट तिथल्या निकेलला चिकटतं) शुद्ध करायचं, अ‍ॅक्टिव्हिटी मोजायची, हे माझं काम. इंडक्शन, म्हणजे जिवाणूंना प्रोटीन बनवायला लावणं, ३७ ऐवजी १८ अंशांवर केलं आणि गाळात बसणारं प्रोटीन पहिल्यांदा विरघळलेलं मिळालं, तो दिवस विसरणार नाही.

आता ओढ लागलीय बायोसेन्सरची, म्हणजे एन्झाइमसारख्या जैविक रेणूच्या मदतीने एखादा पदार्थ मोजणाऱ्या उपकरणाची. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम इलेक्ट्रोडवर पातळ पडद्याआड ठेवायची कल्पना मांडली. आई घरी ज्या पट्टीवर साखर बघते, तीही त्याच घराण्यातली! पण ट्यूबमध्ये छान चालणारं माझं एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवलं की आठवड्याभरात मंदावतं. ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने जोडते, अ‍ॅक्टिव्ह साइटजवळचे (जिथे एन्झाइमचं काम चालतं) लायसिन हे अमिनो आम्लाचे घटक त्यात अडकत असावेत, असा माझा अंदाज. कुणी हिस-टॅगनेच, एका दिशेने बसवून पाहिलंय का?

खरा प्रश्न पीएचडीचा. आधी प्रोटीन इंजिनिअरिंगमध्ये (प्रोटीनची रचना बदलून ते सुधारण्यात) पाय रोवावेत, की थेट सेन्सरच्या गटात जाऊन इलेक्ट्रोकेमिस्ट्री शिकावी? माझा कल पहिल्याकडे आहे, कारण प्रोटीन टिकलं नाही तर सेन्सर कसला? पण सायक्लिक व्होल्टॅमेट्रीचा (इलेक्ट्रोडवरचं व्होल्टेज वरखाली करत करंट मोजण्याची पद्धत) आलेख अजून धड वाचता येत नाही, ही भीती आहेच.

एनसीएल, आयसर किंवा एनसीसीएस या पुण्यातल्या संशोधन संस्थांमध्ये या वाटेने गेलेलं कुणी असेल, तर कृपया सांगा. पाषाणला येऊन भेटायचीही तयारी आहे.